एबीएस आणि ईएसपीचे दिवे एकदम लागतात, कोड पुढच्या उजव्या चाकाचा. मॉड्यूल बदलायचं का?

केतकी_वन

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण निर्णय मोठा आहे आणि ब्रेकचा मामला असल्याने अंदाजपंचे काही करायचं नाहीये.

गाडी सुरू केली की सगळे दिवे लागून नेहमीसारखे विझतात. थोडं अंतर गेलं की एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी व्यवस्था), ईएसपी (गाडी घसरू न देणारी) आणि चढावर गाडी धरून ठेवणाऱ्या सोयीचा, असे तिन्ही पिवळे दिवे एकदम लागतात. इंजिन बंद करून पुन्हा चालू केलं की काही वेळ गायब. ब्रेक लागतात, गाडी कुठल्याही बाजूला ओढत नाही. पण दिवे लागण्याआधी एक गोष्ट हमखास होते. अगदी हळू वेगात, सिग्नलला थांबता थांबता, पेडल पायाखाली थरथरतं आणि खालून 'घर्र' असा आवाज येतो. रस्ता कोरडा असतो, मी ब्रेकही हलकाच दाबलेला असतो.

वर्कशॉपमध्ये स्कॅनरवर बिघाडाचा कोड निघाला: पुढचं उजवं चाक, वेग-सेन्सरचा सिग्नल विसंगत. सेन्सर बदलला. तोच कोड परत आला. आता म्हणतात की एबीएसचं मॉड्यूलच (पंप, व्हॉल्व्ह आणि संगणक असलेलं युनिट) गेलंय, अख्खं युनिट बदला. त्याआधी आणखी काही तपासता येईल का?

ओममापक

केतकीताई, मॉड्यूलला हात लावायच्या आधी एक सांगा. कोडच्या वर्णनात नेमकं काय होतं? 'सर्किट तुटलं' किंवा 'शॉर्ट' असं होतं, की 'सिग्नल विसंगत' एवढंच? या दोन्हींत बराच फरक आहे. तार तुटली तर मॉड्यूलला ते गाडी उभी असतानाच कळतं आणि चावी फिरवल्या फिरवल्या दिवा लागून राहतो. तुमचा दिवा गाडी चालल्यावर लागतो. याचा अर्थ वायरिंगचा रस्ता बहुधा शाबूत आहे, त्यावरून येणारी माहिती चुकीची आहे.

आणि पेडलची थरथर हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. एबीएसला वाटतंय की एक चाक अचानक लॉक होतंय, म्हणून ते त्या चाकाचा दाब सोडतंय. म्हणजे पंप चालतोय, व्हॉल्व्ह उघड-मीट करताहेत, संगणक गणित करतोय. जे मॉड्यूल इतकं सगळं करतं ते मेलंय असं मी तरी म्हणणार नाही. त्याला खोटी खबर मिळतेय.

रानपाखरू

माझ्या गाडीत मात्र मॉड्यूलच गेलं होतं. सेन्सरमागून सेन्सर बदलत बसण्यात काही अर्थ नसतो. एकदाच काय ते युनिट दुरुस्त करून घ्या, विषय संपवा.

ओममापक

रानपाखरू, तुमचा कोड कशाचा होता आणि दिवा कधी लागायचा?

रानपाखरू

पंपाच्या मोटरचा. चावी दिली की लगेच, गाडी जागेवरून हलायच्या आधी.

ओममापक

मग तुमचं निदान बरोबरच होतं. मोटरचा किंवा व्हॉल्व्हचा कोड, गाडी उभी असताना येणारा, पुसला तरी तत्काळ परतणारा, आणि युनिटला वीज व अर्थ (अर्थिंगची तार) दोन्ही नीट पोचताहेत याची खात्री झालेली. एवढं जुळलं की संशय युनिटवरच जातो. केतकीताईंच्या चित्रात यातलं एकही नाही.

हातोडी_पाना

इथे थोडी पार्श्वभूमी देतो, म्हणजे पुढचं बोलणं सगळ्यांना कळेल.

एबीएस उत्पादनातल्या गाडीत १९७८ साली आलं, बॉश आणि मर्सिडीजच्या एस-क्लासमधून. ईएसपी १९९५ ला, पुन्हा याच जोडीकडून. दोन्हींचा पाया एकच: प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय हे सतत कळणं. ईएसपी त्यात स्टिअरिंगचा कोन, गाडी स्वतःभोवती किती वळतेय आणि बाजूला किती ढकलली जातेय हे जोडतं. चालकाला जायचंय कुठे आणि गाडी चाललीय कुठे, यांची तुलना करतं. नाक बाहेर जायला लागलं तर आतल्या बाजूचं मागचं चाक धरतं, शेपूट फिरायला लागली तर बाहेरच्या बाजूचं पुढचं. शिवाय इंजिनची ताकद कमी करायला सांगतं.

म्हणून एका चाकाची माहिती भरवशाची नसली की हे सगळं आपणहून बाजूला होतं आणि दिव्यांची रांग लागते. तीन दिवे म्हणजे तीन बिघाड नव्हेत. पिवळे दिवे असतील तोवर साधा ब्रेक पूर्ण लागतो, फक्त जोरात दाबल्यावर चाक लॉक होऊ शकतं. अंतर ठेवून चालवा.

पण पिवळ्या एबीएसबरोबर लाल ब्रेकचा दिवाही लागला तर गाडी तिथेच उभी करायची. ब्रेक ऑइल खाली गेलेलं असू शकतं, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत दाब वाटून देणारी व्यवस्था बंद पडलेली असू शकते. मग जोराच्या ब्रेकला मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गरकन फिरते. अशा वेळी टो करून न्या, चालवत नेऊ नका.

आता तुमचा प्रश्न. त्या चाकाचं अलीकडे काही काम झालंय का? बेअरिंग, ड्राइव्ह शाफ्ट, शॉकअप, डिस्क, काहीही?

केतकी_वन

ओममापक, कोडच्या शब्दांत 'विसंगत सिग्नल' एवढंच आहे, तुटलं किंवा शॉर्ट असं काही नाही.

हातोडी_पाना दादा, हो! वेग वाढला की चाकातून गुणगुणल्यासारखा आवाज यायचा म्हणून त्याच चाकाचं बेअरिंग बदललं होतं. दिवे त्यानंतर काही आठवड्यांनी सुरू झाले, म्हणून दोन्हींचा संबंध असेल असं वाटलंच नाही. दुसऱ्या गॅरेजला काम झालं होतं, सेन्सर बदलणाऱ्यांना याची कल्पनाही नसेल.

हातोडी_पाना

मग माझा संशय जवळपास पक्का. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत सेन्सरसमोर पूर्वीसारखी दातेरी लोखंडी रिंग नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी बसवलेली असते, तिच्यावर उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण असे ध्रुव आलटून पालटून. दिसायला ते साधं काळपट रबरी सील. ज्याला माहीत नाही तो बेअरिंग उलटं दाबतो किंवा दाबताना पाइपचा तुकडा नेमका त्या सीलवर टेकवतो. उलटं बसलं तर सिग्नल अजिबात येत नाही. दबलं तर चाकाच्या एका फेरीत एकदाच, तेवढ्याच जागी सिग्नल हुकतो. तुमच्याकडे दुसरा प्रकार वाटतोय.

शंकासुर

एक शंका. पट्टी खराब असेल तर दिवा गाडी हलताच का लागत नाही? आणि थरथर हळू वेगातच का?

ओममापक

चांगला प्रश्न आहे. मॉड्यूल एखाददुसऱ्या हुकलेल्या ठोक्यावर कोड टाकत नाही. खड्ड्यात चाक क्षणभर उडालं तरी वेग डळमळतो, म्हणून त्याला थोडी सूट दिलेली असते. विसंगती पुन्हा पुन्हा, ठरलेल्या मर्यादेपलीकडे दिसली की मगच ते कोड नोंदवतं आणि एबीएस बंद करतं. हळू वेगात खराब जागा सेन्सरसमोर जास्त वेळ राहते, त्या वेळात चाक थांबल्याचा भास होतो, आणि नेमका तेव्हाच पाय ब्रेकवर असतो. दिवा लागल्यानंतर थरथर बंद होते ना, केतकीताई? कारण तोवर एबीएसने स्वतःला बाजूला केलेलं असतं.

केतकी_वन

अगदी तसंच. दिवा लागला की पेडल शांत.

नीलमोहर_

फ्यूज काढून ठेवला तर? थरथर तरी थांबेल. माझ्या ओळखीत एकाने तसंच केलंय.

हातोडी_पाना

नको. फ्यूज काढला की एबीएसबरोबर ईएसपी आणि मागच्या चाकांचा दाब सांभाळणारी व्यवस्थाही जाते, तीही नेमकी गरजेच्या वेळी. गाडीत आपली माणसं बसतात. हा सल्ला कुणीही कुणालाही देऊ नये.

ओममापक

आता तपासणीकडे वळू. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढची प्रत्येक पायरी आधीपेक्षा खर्चाची.

पहिलं म्हणजे एबीएसचा विभाग वाचणारा स्कॅनर हवा. स्वस्तातले अनेक ओबीडी रीडर (गाडीच्या सॉकेटला लावून कोड वाचणारी यंत्रं) फक्त इंजिनचे, म्हणजे 'पी'ने सुरू होणारे कोड वाचतात. ब्रेक आणि चेसिसचे कोड 'सी'ने सुरू होतात, संपर्काचे 'यू'ने. यू०१२१ दिसला तर त्याचा अर्थ एबीएस मॉड्यूलशी बोलणंच होत नाहीये, तो तपासाचा वेगळाच रस्ता. आणि कोड पुसायच्या आधी त्या क्षणाची नोंद पाहा: वेग किती होता, ब्रेक दाबलेला होता का, बॅटरीचा व्होल्टेज किती. कोड पुसला की ही नोंदही जाते.

दुसरं, लाइव्ह डेटा, म्हणजे गाडी चालू असताना स्कॅनरवर दिसणारे आकडे. चारही चाकांचे वेग एकत्र आलेखावर लावा. मोकळ्या, सपाट जागी सरळ रेषेत गाडी चालवा. स्कॅनर बघायला दुसरं माणूस शेजारी बसवा, चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही.

इथे एक युक्ती आहे. मध्यम गाडीच्या चाकाचा परीघ साधारण २ मीटर असतो. ताशी ७ किमी म्हणजे सेकंदाला जवळपास २ मीटर, म्हणजे सेकंदाला चाकाची एक फेरी. या वेगात उजव्या चाकाची रेघ दर सेकंदाला एकदा खाली टोचत असेल आणि बाकी तीन रेघा सपाट असतील, तर दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत आहे: पट्टी, रिंग किंवा बेअरिंग. रेघ मनाला येईल तेव्हा, खड्ड्यावर किंवा स्टिअरिंग वळवल्यावर पडत असेल, तर दोष तारेत किंवा कनेक्टरमध्ये. ताशी ४० ला हीच खोच सेकंदाला पाचसहा वेळा येते, स्कॅनरला ती धड पकडता येत नाही आणि सगळं ठीक दिसतं. बरेच जण इथेच फसतात. हळूच चालवा.

केतकी_वन

समजलं. भाऊ शेजारी बसेल. मल्टिमीटर आहे घरात, सेन्सरचा रेझिस्टन्स मोजू का?

ओममापक

मोजू नका. जुने दोन तारांचे सेन्सर म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली कॉइल. त्यांचा रेझिस्टन्स साधारण १ ते २ हजार ओहम भरतो आणि चाक हाताने फिरवलं की थोडा एसी व्होल्टेज मिळतो. आताचेही दोन तारांचेच असतात, पण त्यांच्या आत इलेक्ट्रॉनिक चिप असते. मॉड्यूल त्यांना वीज पुरवतं आणि ते ७ मिलिअँपिअर, १४ मिलिअँपिअर असा प्रवाह खालीवर करून बोलतात. त्यांच्यावर ओहममीटर लावून काही कळत नाही, उलट चिपला इजा होऊ शकते. चुंबकीय पट्टीच्या बेअरिंगसमोर नेहमी हा दुसरा प्रकारच असतो.

मल्टिमीटरचा उपयोग दुसरीकडे आहे. चावी चालू, सेन्सरचा कनेक्टर काढलेला, मॉड्यूलच्या बाजूच्या एका पिनवर बॅटरीच्या आसपास व्होल्टेज यायला हवा. तो आला म्हणजे तार तिथपर्यंत पोचतेय.

हातोडी_पाना

त्याच वेळी तार नजरेखालून घाला. स्ट्रटच्या (शॉकअपच्या खांबाच्या) क्लिपपाशी आणि चाक वळताना जिथे ती वाकते तिथे आतले तंतू तुटलेले असतात, बाहेरचं आवरण मात्र धडधाकट. कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही साचलंय का पाहा. सेन्सर काढता आला तर टोकाला लोखंडाचा भुगा चिकटलाय का तेही पाहा, डिस्क-पॅडची झीज तिथे जाऊन बसते. सेन्सर गंजलेल्या बैठकीवर तिरपा बसला असेल तरी अंतर वाढतं आणि सिग्नल क्षीण होतो. गाडी जॅकवर ठेवून काम करणार असाल तर स्टँड लावल्याशिवाय चाकाजवळ हात घालू नका.

जुना_चालक

वाचतोय. एक भर घालतो. कमजोर बॅटरी आणि मॉड्यूलचा सैल अर्थ यांनीही हे तिन्ही दिवे लागतात. मल्टिमीटर उघड्या तारेवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण पंप चालू झाला की एका तंतूवर लटकलेली तार लोड पेलत नाही. व्होल्टेज ड्रॉप नेहमी लोड देऊन मोजावा. अर्थच्या बाजूला ०.१–०.२ व्होल्टच्या वर गेला तर जोड घासून पुन्हा घट्ट करावा. आणखी एक, इंजिनाचा दिवा सोबत असेल तर आधी इंजिनचा कोड सोडवा. इंजिनकडून खात्रीचा टॉर्क मिळत नसेल तर ईएसपी आपणहून रजा घेतं, ब्रेकमध्ये काही दोष नसतानाही.

केतकी_वन

भाऊ आणि मी मोकळ्या मैदानात चालवून पाहिली. ओममापक, तुम्ही लिहिलंत तसंच! ताशी ७ च्या आसपास उजव्या पुढच्या चाकाची रेघ एका लयीत खाली जातेय, बाकी तीन एकमेकींवर बसल्यासारख्या. वेग थोडा वाढवला की टोचण्याही जवळजवळ येतात. स्टिअरिंग वळवलं, तार हलवली, फरक शून्य. बॅटरी ठीक, मॉड्यूलच्या बाजूने सेन्सरला वीज येतेय, इंजिनाचा दिवा नाही. सेन्सरच्या टोकावर भुगा होता तो पुसला, पण रेघ तशीच.

हातोडी_पाना

मग मॉड्यूलचं नाव विसरा. आता ड्राइव्ह शाफ्ट बाजूला करून सील उघडं करायचं आणि चुंबकीय पट्टी बघायचं कार्ड त्यावर टेकवायचं. चांगल्या पट्टीवर एकसारख्या बारीक रेघा उमटतात. जाणकार मेकॅनिककडे हे कार्ड असतं, किंवा ऑसिलोस्कोप (सिग्नलची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र) असतो. स्कोपवर तर शाफ्ट न काढताही हुकलेला ठोका दिसतो. काम देण्याआधी विचारून घ्या. आणि पट्टीजवळ लोहचुंबक नेऊ देऊ नका. चुंबकी स्क्रूड्रायव्हरसुद्धा नको, ध्रुव तिथेच बिघडतात.

केतकी_वन

उशिरा लिहितेय, पण पूर्ण हकीकत सांगते.

कार्ड असलेला मेकॅनिक सापडला. शाफ्ट काढल्यावर त्याने मला जवळ बोलावून दाखवलं. हिरवट कार्डावर बारीक उभ्या रेघा गोल फिरत येतात, आणि एका ठिकाणी बोटाच्या पेराएवढ्या भागात त्या पुसट होऊन एकमेकींत मिसळल्या होत्या. कार्ड उचललं तर नेमक्या त्या जागी सीलवर अर्धचंद्राकृती दबलेली खूण. पाइप टेकवून ठोकल्याची. नुसत्या डोळ्यांनी पाहिली असती तर कुणी लक्षही दिलं नसतं.

नवं बेअरिंग बसवताना त्याने आधी दोन्ही बाजूंना कार्ड लावून पट्टी कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं, ती बाजू सेन्सरकडे ठेवली आणि दाब फक्त बाहेरच्या कड्यावर दिला. त्यानंतर चारही रेघा एक. पेडल शांत, एबीएसचा दिवा गेला.

पण ईएसपीचा दिवा मात्र अजून लागलेलाच आहे! नवा कोड: स्टिअरिंग कोन सेन्सर, शून्य बिंदू ठरलेला नाही. आता हे काय?

ओममापक

घाबरू नका, हे कामाच्या ओघातच आलेलं दिसतंय. बेअरिंगसाठी नकल (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो भाग) उतरवला, मग अलाइनमेंट केलं असेल. चाकं सरळ असताना स्टिअरिंगचा कोन आता आधीसारखा राहिलेला नाही. बॅटरीचं टर्मिनल काढलं असेल तरी काही गाड्या हा शून्य बिंदू विसरतात. काही गाड्यांत स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे फिरवून थोडं सरळ चालवलं की तो आपोआप बसतो. बाकीच्यांत स्कॅनरमधून कॅलिब्रेट करावं लागतं. सपाट जागा, चाकं सरळ, गाडी स्थिर. पण आधी अलाइनमेंट, मग कॅलिब्रेशन. उलटं केलं तर चुकीचा शून्य पक्का होतो आणि ईएसपीला वाटतं चालक सतत किंचित वळतोय.

केतकी_वन

अलाइनमेंट झालं होतं, कॅलिब्रेशन राहिलं होतं. स्कॅनरने केलं, दिवा गेला. नंतर ताशी २० च्या आसपास पुढून एक बारीक 'घुर्र' ऐकू आलं आणि काळजी वाटली, पण मेकॅनिक म्हणाला ती पंपाची स्वतःची तपासणी, दर वेळी गाडी सुरू करून निघालं की होते. आधीही होत असणार, मी कान देऊन ऐकलं नव्हतं.

ओममापक, हातोडी_पाना दादा, जुना_चालक काका, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. अख्खं युनिट बदललं असतं, कोडिंग केलं असतं, सगळ्या सर्किटमधली हवा स्कॅनर लावून काढली असती, आणि दिवा तरीही परत आला असता.

शंकासुर

वाखुसा (वाचनखूण साठवली). उतरवलेला सेन्सर फेकलात का? तो चांगलाच असणार.

केतकी_वन

ठेवलाय. मेकॅनिकने तो लावून रेघ पाहिली, पूर्ण बरोबर चालतो.

नीलमोहर_

माझ्या गाडीला मागचे दोन टायर नवे आहेत आणि पुढचे बरेच झिजलेत, आकार तोच. मला अधूनमधून फक्त ईएसपीचा दिवा लुकलुकताना दिसतो. तेही सेन्सरचंच का?

हातोडी_पाना

लुकलुकणं म्हणजे ईएसपी त्या क्षणी काम करतंय, बिघाडाचा दिवा स्थिर राहतो. ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर निघताना होत असेल तर झिजलेले पुढचे टायर घसरताहेत, ते बदलायला झालेत. कोरड्या सरळ रस्त्यावर होत असेल तर चारही टायरची हवा तपासा, टायरच्या बाजूवरचा आकार पुन्हा एकदा चारही ठिकाणी वाचा, आणि मग लाइव्ह डेटा लावून इथेच आकडे लिहा.

नीलमोहर_

डाव्या मागच्या टायरवरचा आकार वेगळा निघाला. दुकानदाराला दाखवायला नेतोय.